एका खड्ड्याचा करार

"आंघोळीला किती वेळ लावता?"

आत्याबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, कुठल्या तुम्ही, मुलं किती, काहीच नाही. आम्ही त्यांचं घर भाड्याने बघायला गेलो होतो. मे महिना, उज्जैनच्या देवास गेटहून निघालेली बस गच्च भरलेली, आणि फाट्यावर उतरून पुढे शेतांमधून पायपीट. घामाघूम होऊन अंगणात टेकते न टेकते तोच ही उंच, काटकुळी बाई सुती पांढऱ्या साडीत समोर उभी, हातात लोखंडी चिमटा. माझा स्वभाव मूळचा तिरसट, त्यात डोक्यावर ऊन. मी म्हटलं, लागेल तेवढा लावते. त्यांनी वर्गातल्या मुलीचं उत्तर चुकावं तशी मान हलवली आणि दुसरा प्रश्न टाकला, "आणि संडासात काय-काय ओतता?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझे यजमान, बँकेतून नुकतेच रिटायर झालेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू माहेरी आले. झालं होतं असं की फ्रीगंजमधली आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली होती आणि आम्हाला घर शोधणं भाग होतं. मी टावर चौकाच्या आसपास फ्लॅट बघत होते. खाली उतरलं की भाजी, समोर औषधं, कोपऱ्यावर पोहे, माणसाला आणखी काय हवं? पण ह्यांच्या डोक्यात खेडं शिरलं होतं. मोकळी हवा, शांतता, पक्षी. पक्षी आमच्या बाल्कनीतही येत होते, घाणही करून जात होते, पण ते चालत नव्हते.

आत्याबाईंनी मग सगळं एका दमात सांगून टाकलं. "हे बघा, आपल्याकडे गीझर नाही, बंब आहे. सरकारी नाली गावात आलेली नाही, आपली स्वतःची आहे. फिनाईल, अॅसिड, निळं-हिरवं काही या घरात येणार नाही. पसंद असेल तर बोला. नसेल तर चहा घ्या, पाच वाजताची बस आहे." भाड्याचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. मग ह्यांनी बँकेच्या सवयीने विचारलं, करार किती महिन्यांचा करायचा, अकरा का?

"महिने-बिहिने नाही," आत्याबाई म्हणाल्या. "एक खड्डा."

त्याचा अर्थ त्यांनी घरामागे नेऊन दाखवला. संडासाच्या मागे दोन खड्डे होते, विटांचे, वर फरशीची झाकणं. दोघांच्या मध्ये वाट वळवायची छोटी कुंडी. कुंडीत एका बाजूचं तोंड वीट लावून बंद केलेलं, दुसऱ्या बाजूचं उघडं. एक खड्डा चालू, दुसरा झोपलेला. चालू भरला की वीट काढून इकडची तिकडे लावायची, मग तो झोपणार आणि दुसरा जागा होणार. झोपलेल्याला वर्षभराहून जास्त कोणी हात लावायचा नाही, तेवढ्यात त्याची माती होते. आत्ताचा खड्डा जवळजवळ रिकामाच आहे, तो भरेपर्यंत राहायचं, मध्येच पळायचं नाही, भरला की जायचं की राहायचं ते सांगायचं. हाच करार, आणि तो तोंडी. मी विचारलं, मध्येच जावं लागलं तर? त्या म्हणाल्या, "अर्धवट सोडून गेलेल्या माणसाचं झाड लागत नाही."

हे झाड प्रकरणही तेव्हाच कळलं. खड्डा उघडला की निघालेल्या मातीत एक झाड लावायचं, आणि ते झाड ज्यांनी खड्डा भरला त्या भाडेकरूंच्या नावाचं. विहिरीजवळचा शेवगा पटवाऱ्याचा. कुंपणाकडची पपई नर्सबाईंची. आत्याबाई तसंच बोलत. नर्सबाईंना यंदा कीड लागली. पटवारी फार वाढला, त्याला छाटायला पाहिजे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरलेच. ह्यांना मात्र हे इतकं आवडलं की तिथल्या तिथे त्यांनी आमचं झाड ठरवून टाकलं, सीताफळ. मी विचारलं, आणि तुमचं कुठलं? आत्याबाई म्हणाल्या, "घरमालकाचं झाड नसतं. सगळं घरच माझं आहे ना." असं आम्ही त्या घरात राहायला गेलो. मला कोणी विचारलं नाही, हे इथे नमूद करते.

आत्याबाईंचे पूर्वज कधी काळी दरबारी नोकरीत होते म्हणे. त्या स्वतः उज्जैनला मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन होत्या, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर वडिलांच्या शेतावरच्या या घरात येऊन राहिल्या. गाव त्यांना बुआजी म्हणायचं, आम्ही आत्याबाई. वॉर्डनपण काही अंगातून गेलं नव्हतं. मी न्हाणीघरात शिरले की थोड्या वेळाने दारावर चिमट्याची टकटक व्हायची, "पाणी झालं का?" साठीला टेकलेली बाई मी, नातवंडं असलेली, आणि मला आंघोळीवरून ओरडा. मी आत मुद्दाम आणखी एक तांब्या घ्यायची. बाहेरून आवाज यायचा, "वर्षाबाई, हा तांब्या रागाचा होता. केळीला पाणी पुरे झालं."

कारण आंघोळीचं पाणी खड्ड्यात जात नव्हतं, त्याची वाट वेगळी होती. न्हाणीघरातून दगडी पन्हळ निघायची, तिचं पाणी आधी गिट्टी-वाळूच्या चरातून गाळलं जायचं आणि मग केळी, कर्दळ, अळू यांच्याकडे. आमची माळव्याची काळी माती. आत्याबाई म्हणायच्या, ही माती हट्टी आहे, पाणी पिते पण आपल्या मर्जीने, घाई केली की थुंकून टाकते. पावसाळ्यात तर मोजून आंघोळ. भांडी राखेने, कपडे रिठ्याने. "जमिनीला पचेल तेच घरात आणायचं," हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा ऐकलं की स्वप्नातही मी दुकानात जाऊन साबणाला विचारत होते, बाबा रे, तू पचशील का?

बंबाचं शास्त्र निराळं. तांब्याचा जुना बंब, पोटात काटक्या, गोवऱ्या आणि मक्याची वाळकी कणसं जळायची. त्याला नळ नाही. वरच्या चाडीत, म्हणजे नरसाळ्यात, गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी दुसऱ्या तोंडाने बादलीत पडतं. पहिल्या दिवशी मी बादली लावून उभी, पाणी येईना. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आधी घाला, मग घ्या. उलटं नाही चालत इथे." पुढे हे वाक्य त्या कशालाही लावत. दूधवाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला.

आम्ही गेल्यानंतर महिन्याभरात, पावसाच्या आधी, झोपलेला खड्डा उघडायची वेळ आली. तो आमच्या आधीच्या भाडेकरूंचा, पोस्टमास्तरांचा. ते बदलून नीमचला गेले होते. मी सकाळपासून डोक्याला बाम लावून खोलीत बसले, खिडक्या बंद. आत्याबाईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, बाहेर या, वास आला तर आजच सामान बांधा, मी स्वतः बसपर्यंत सोडेन. मी नाकाला पदर लावून गेले. झाकण बाजूला होतं आणि खाली काळीभोर, भुसभुशीत माती. चहाची पूड असावी तशी. पदर खाली घेतला. पाऊस पडायच्या आधी शेतातून येतो तसा वास, दुसरं काही नाही. आत्याबाईंनी मूठभर उचलून माझ्या नाकाजवळ धरली आणि मी, मी, चक्क वास घेतला. त्या मातीत लिंबाचं कलम लागलं. पुढच्या वर्षांत आम्ही चहात, वरणात, सरबतात पोस्टमास्तर पिळला. एकदा ह्यांचा मित्र जेवायला असताना हे म्हणाले, पोस्टमास्तर जरा जास्तच झाला का? तो मित्र पुन्हा आला नाही.

पहिला हिवाळा मात्र मला पुरून उरला. शहरात थंडी अशी नसते. इथे शेतावरून वारा सुटला की भिंतीतून आत यायचा. संध्याकाळी बंबातले निखारे शेगडीत घालून आत्याबाई आमच्या खोलीत आणून ठेवायच्या आणि खिडकी उघडी ठेवायला लावायच्या. म्हणजे एकीकडून ऊब आणि दुसरीकडून गारठा. मी म्हणायची, हा काय न्याय? त्या म्हणायच्या, कोळसा माणसाला गाढ झोपवतो, सकाळी उठायचं असेल तर खिडकी उघडी. ह्यांचे गुडघे धरले. खेड्याची हौस गुडघ्यांतून हळूहळू बाहेर पडायला लागली. मी मनात म्हटलं, बघू आता पक्षी.

संक्रांतीला मिलिंद आला. आत्याबाईंचा भाचा, इंदूरला राहतो, चांगली नोकरी, माणूसही सरळ. तिळगूळ दिला, आत्याच्या पाया पडला, तिच्या शिव्या खाल्ल्या आणि निघताना मला फाटकाशी थांबवलं. म्हणाला, काकू, तुम्ही आहात म्हणून मी झोपतो. मग त्याने सांगितलं. पोस्टमास्तर गेल्यावर घर वर्षभराहून जास्त रिकामं होतं. त्यात आत्याबाईंना ताप आला आणि गावाला कळेपर्यंत त्या ओट्यावर पडून होत्या. तेव्हा मिलिंदने त्यांना बजावलं होतं, घरात दुसरं माणूस असेल तोवर इथे राहा. भाडेकरू नाही तर घर नाही, कुलूप लावायचं आणि इंदूरला माझ्याकडे यायचं, खोली तयार आहे. आणि त्यांनी ते कबूल केलं होतं. शब्द दिला होता.

मी फाटकाशी उभीच राहिले. म्हणजे मे महिन्यात आम्ही त्या अंगणात उभे होतो तेव्हा या बाईला आमची केवढी गरज होती! आम्ही नाही म्हटलं असतं तर तिचा बंब विझला असता. आणि ती आमची परीक्षा घेत होती. आंघोळीला किती वेळ लावता म्हणे. पाच वाजताची बस आहे म्हणे. कुणी दुसरी असती तर आमच्यापुढे पाट मांडला असता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि मग या बाईचा फार राग आला. तो राग मी जाऊन तिच्या ओट्यावर बसून तिळगूळ खात गिळला. तिला काही कळू दिलं नाही.

पण गुडघे काही शब्दाने थांबत नाहीत. दुसरी थंडी तोंडावर आली तसे हे फ्लॅट बघायला लागले. फ्रीगंजमध्ये एक मिळत होता, लिफ्ट, गीझर, सगळं. मी कधीची ज्याच्यासाठी भांडले होते तेच आता ताटात वाढून आलं होतं आणि मला घास जात नव्हता. आत्याबाईंना सांगायचं कोणी? हे म्हणाले दिवाळी होऊ दे. मीही म्हटलं होऊ दे. मात्र फोनवर बोलता बोलता हे मिलिंदला बोलून गेले, आणि ते त्यांनी मला सांगितलं नाही.

दिवाळीला मिलिंद सहकुटुंब आला. बायको, दोन मुली, सासू-सासरे. नरकचतुर्दशीची आंघोळ म्हणजे त्या घरातली मोठी गोष्ट. आत्याबाईंचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता की त्या दिवशी न्हाणीघर बंद. विहिरीमागे कडुनिंबाखाली मोठा दगड, भोवती चटयांचा आडोसा, तिथे पाट मांडायचा आणि तेल-उटणं लावून आंघोळ तिथेच. कारण तेल आणि उटणं शेताला चालतं, चराच्या गिट्टीला चालत नाही. गेल्या वर्षी आम्हीही तिथेच कुडकुडत न्हालो होतो आणि मी फराळातला चकलीचा पहिला तुकडा दात वाजवत खाल्ला होता.

आता मिलिंदच्या सासूबाई इंदूरच्या, नाजूक तब्येतीच्या. त्या थंडीत उघड्यावर पाटावर बसायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आत्याबाई बंबाशी होत्या, गार पाणी घालत, जाळ सारत. मिलिंद विहिरीकडे नेतो म्हणून बादल्या घेऊन जायचा आणि गुपचूप न्हाणीघरात ठेवायचा. सासूबाईंनंतर सासरे, मग बायको, मग मुली, सगळ्यांनी तिथेच आटोपलं. वाटीभर तेल चोळलेली माणसं आणि त्यावर चांगलं जाडसर उटणं. गिट्टीने किती गिळावं? त्या तेलात उटण्याचा लगदा झाला, चर तुंबला, पाणी मागे फिरलं आणि उंबऱ्यावरून अंगणात आलं. माझी रांगोळी तरंगत तुळशीपर्यंत गेली. गोंधळ ऐकून आत्याबाई चिमटा घेऊन बघायला आल्या आणि त्या तेलकट फरशीवर पाय सटकून धप्पकन बसल्या.

लागलं फारसं नव्हतं. पण मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. त्याने त्यांना उचलून ओट्यावर बसवलं. म्हणाला, बस झालं आत्या, बहुत हो गया, हे बंब, हे खड्डे, हे सगळं आता बंद. आणि मग माझ्याकडे वळून बोलला, "काकू, तुम्ही पण चाललाच आहात ना? काका म्हणाले, फ्लॅट पक्का होतोय. मग मी आत्याला आजच नेतो."

आत्याबाईंना हे त्या क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईने माझ्या तांब्याचा हिशेब ठेवला, संडासात काय ओतता म्हणून पहिल्या भेटीत विचारलं, तिच्याकडे एकही प्रश्न नव्हता. त्या फक्त हाताला लागलेलं तेल पदराने पुसत बसल्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. शब्द दिलेला होता, तो त्या मोडणार नव्हत्या, आणि मला राहा असंही म्हणणार नव्हत्या. मला ते बघवेना.

"फ्लॅट बघितलाय, घेतलेला नाही," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "आमचा करार एका खड्ड्याचा आहे, मिलिंद. खड्डा अजून भरलेला नाही. विचार तुझ्या काकांना."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे थंडीत गुडघ्याला मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ओट्याकडे, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अर्धासुद्धा नाही."

आत्याबाई उठल्या. म्हणाल्या, मग उभे काय राहिलात सगळे, कुदळ आणा. मिलिंदने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आम्ही चर उपसला. गिट्टीचा दगड न् दगड राखेने धुतला. मुलींना त्यात फटाक्यांपेक्षा जास्त मजा आली. सासूबाई बिचाऱ्या अपराधी होऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि सगळ्यांसाठी पोहे केले, वर भरपूर शेव. सूर्य चांगला वर आला तेव्हा उटण्याचे हात घेऊन आम्ही अंगणात बसून पोहे खाल्ले. मिलिंद मध्येच हसायला लागला, म्हणाला आत्या, वाचलीस. त्या म्हणाल्या, तू वाचलास, तुझी आंघोळ अजून व्हायची आहे, आणि ती दगडावर.

आभार वगैरे मानायची त्यांची रीत नव्हती. त्या संध्याकाळी फक्त माझ्या नावातली बाई गेली. "वर्षा, तू चहा घेतला का?" मी घेतला म्हटलं, तरी आणखी दिला. दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर आत्याबाई आपली खाट, ट्रंक आणि देवांच्या तसबिरी बाहेर काढत होत्या. त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच बंब होता. सकाळ-संध्याकाळ बंब पेटला की ती भिंत तापायची आणि पुढे कितीतरी वेळ उबदार राहायची. त्या घरात ऊब अशी तेवढीच, आणि ती इतकी वर्षं त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी ती खोली आम्हाला दिली. ह्यांची खाट त्या भिंतीला लावून घेतली, गुडघे भिंतीकडे करून झोपायचं अशी आज्ञा केली आणि स्वतः आमच्या गारठलेल्या खोलीत गेल्या. मी भांडले. त्या म्हणाल्या, "मला उकडतं त्या खोलीत." माळव्यातल्या थंडीत! हे खोटं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ह्यांचे गुडघे त्या हिवाळ्यात पुष्कळच सुधारले. मी आत्याबाईंच्या अंगावर आणखी एक रजई टाकायची आणि त्या दोन्ही रजया नाकापर्यंत ओढून म्हणायच्या, केवढं उकडतंय.

खड्डा भरला तो पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास. आत्याबाई कुंडीचं झाकण काढून वाकून बसल्या, वीट हातात. आमच्याकडे पाठ. म्हणाल्या, "साहेब, करार संपला. जायचं की राहायचं?" मी बघत होते, वीट घट्ट धरल्याने त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. हे म्हणाले, दुसरा चालू करा. त्यांनी वीट फिरवून लावली, माती लिंपली आणि म्हणाल्या, "केला." मग बराच वेळ त्या उगाचच ती माती थापटत बसल्या.

त्या हिवाळ्यात, माघात, एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा बंब पेटवला. आधी ह्यांची बादली भरून दिली, मग स्वतः न्हाल्या, केस मोकळे सोडून उन्हात ओट्यावर बसल्या. गावातून कुणी आपल्या परसातला एक जाम, म्हणजे तुमच्याकडचा पेरू, आणून दिला होता. जाम त्यांचा जीव की प्राण. दात राहिले नव्हते तरी पातळ चकत्या करून मीठ लावून चघळायच्या. मला म्हणाल्या, चहा ठेव, आज थोडं आलं घाल. मी आलं किसून चहा घेऊन आले तर बशीतल्या चकत्या तशाच होत्या आणि आत्याबाई खांबाला टेकून, डोळे मिटून, गेलेल्या होत्या. मी फार रडले. अजूनही आल्याचा चहा केला की रडते, सांगायला लाज कसली. पण एक खरं, त्या आपल्या ओट्यावरून गेल्या. आपल्या बंबाच्या पाण्याने न्हाऊन गेल्या.

मिलिंदने सगळं नीट केलं. आम्हाला म्हणाला, काकू, घाई नाही, राहा. पण मला कळत होतं, आता राहणार तरी कुठल्या नात्याने? जिच्यासाठी थांबलो ती गेली. गावात विचारणा सुरू झाली होती, रस्ता रुंद होतोय, जमिनीला भाव आहे. मिलिंद हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. त्या घराला कुलूप लागायला नको, असं मला वाटत होतं आणि तसं म्हणायचा मला काही हक्क नव्हता. हे पहिल्यांदाच माझ्याआधी म्हणाले, आपण इथून जायचं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचा खड्डा उघडायचा ठरवला. मी मुद्दाम जास्त झोपू दिला होता. मिलिंदला बोलावलं. तो आला, हातात रुमाल, अगदी मी पदर घेऊन आले होते तसाच. झाकण सरकलं. त्याने रुमाल नाकाला लावला, मग वाकून बघितलं, आणि मग रुमाल हळूच खिशात टाकला. मी मूठभर माती उचलून त्याच्या नाकाजवळ धरली.

ठरल्याप्रमाणे सीताफळ लागायला हवं होतं. मी मात्र रोपवाटिकेतून जामाचं कलम आणून ठेवलं होतं. ह्यांनी ते बघितलं आणि कलमासाठी खळगा खणायला घेतला. मिलिंदने विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, आत्याबाईंचं.

"काकू, आत्या म्हणायची घरमालकाचं झाड नसतं."

"असेल. पण हा खड्डा तिने आमच्याबरोबर भरला, आणि अर्धवट सोडून गेली नाही."

मिलिंदने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने खाली बसला आणि हातांनीच माती ओढायला लागला. शर्टाच्या बाह्यासुद्धा वर केल्या नाहीत. कलम उभं राहिलं, ह्यांनी काठी बांधली, मी पाणी घातलं. मिलिंद हात धुवायला बंबाशी गेला. बादली लावून उभा, पाणी येईना. मी ओट्यावरून बघत होते. शेवटी त्याच्या लक्षात आलं, त्याने गार पाण्याचा तांब्या चाडीत ओतला. हात पुसत माझ्याकडे आला आणि विचारलं, काकू, दुसरा खड्डा किती भरलाय?

मी म्हटलं, अर्धासुद्धा नाही.

"मग राहा," तो म्हणाला.

जमिनीचं बोलणं त्यानंतर कोणी काढलं नाही. आत्याबाई शेवटी ज्या खोलीत राहिल्या तिथे आता एक तरुण जोडपं राहतं, दोघंही शाळेत शिकवतात. त्यातली मुलगी आंघोळीला फार वेळ लावते, मी सांगून ठेवलंय. चिमटा माझ्याकडे आहे. आणि दर रविवारी मिलिंदचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतो, काकांचे गुडघे विचारतो, आणि ठेवताना न चुकता विचारतो, आत्या कशी आहे?

"मजेत आहे," मी या रविवारी सांगितलं. "यंदा फुलं आली आहेत तिला."